‘नाही’ म्हणणाऱ्यानं काय सिद्ध करायचं?

(पत्र बरंच मोठं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.)

पत्र लिहिणाऱ्या बाई ३८ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून वडील त्यांच्याकडे राहतात. वडिलांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. ते पहिल्यापासून श्रद्धाळू, आणि पत्नी गेल्यापासून जरा जास्तच. लेकीचा देवावरचा विश्वास मात्र विशीतच उडाला. दोघांचे वाद नेहमीचे. त्या म्हणतात, “जो दावा करतो त्यानं सिद्ध करावं.” वडील म्हणतात, “मग ‘देव नाही’ हाही दावाच की! तुझ्याकडे तरी कुठे पुरावा आहे? तुझीही श्रद्धाच, फक्त तोंड उलटीकडे.” हे त्यांना फार लागतं. “मी काहीच मानत नाही, म्हणून तर नास्तिक आहे. न मानणं हे मानणं कसं काय असेल?” असं त्या विचारतात. मागच्या महिन्यात वाद चढत गेला आणि त्या बोलून गेल्या, “जग आपोआप चालतं, मेल्यावर काही उरत नाही, आणि ज्याला हे कळत नाही तो स्वतःला फसवतोय.” वडील चार दिवस कामापुरतंच बोलले. या सगळ्यात नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलं, “आई, आजोबा देव मानतात. तू नाही-देव मानतेस का?” तिला काय सांगावं, ते त्यांना सुचलं नाही. नास्तिक असणं ही श्रद्धा आहे का, सिद्ध कुणी करायचं आणि मुलीला काय सांगायचं, हे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

*

तुमच्या मुलीचा प्रश्न मी एका कागदावर लिहून समोर ठेवला आणि मग उत्तर लिहायला बसले. ‘नाही-देव मानणं’ आणि ‘देव न मानणं’ या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे तिला नवव्या वर्षी जाणवलंय. तुमचा आणि बाबांचा सगळा वाद त्या दोहोंमधल्या फटीत अडकला आहे.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे तुम्हाला माझं म्हणणं तोलता येईल. मीही देव मानत नाही. तरीही तुमच्या घरातल्या वादात बाबांचं निम्मं म्हणणं मला बरोबर वाटतं आणि तुमचं निम्मं.

‘श्रद्धा’ या शब्दापासून सुरुवात करू, कारण तुम्हाला लागलाय तो हा शब्द. मराठीत आपल्याकडे मत आहे, समज आहे, धारणा आहे, खात्री आहे, विश्वास आहे, भरवसा आहे आणि श्रद्धा आहे. उद्या पाऊस पडेल असं माझं मत असू शकतं. त्यावर माझी श्रद्धा आहे असं कुणी म्हणणार नाही. श्रद्धेत नुसतं ‘असं आहे’ एवढंच नसतं. त्यात कुणाच्या तरी हाती स्वतःला सोपवणं असतं, पुरावा डळमळला तरी टिकून राहायची तयारी असते. बाबा तुम्हाला ‘तुझीही श्रद्धाच’ म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा म्हणायचं असतं, ‘तुझंही एक मत आहे.’ तुम्ही ऐकता, ‘तूही आंधळेपणानं कशाला तरी चिकटली आहेस.’ एका शब्दाचे दोघांनी दोन अर्थ घेतले की वाद कितीही तास चालू शकतो.

‘नास्तिक’ या शब्दाची घडण इथे उपयोगी पडेल. पाणिनीनं आस्तिक, नास्तिक आणि दैष्टिक हे तीन शब्द एकाच सूत्रात साधले आहेत: अस्तिनास्तिदिष्टं मतिः. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक, आणि सगळं दैवानं ठरलेलं आहे अशी ज्याची मती तो दैष्टिक. (हे ‘आहे-नाही’ परलोकाबद्दलचं, असं टीकाकार सांगतात. पुढे दर्शनांच्या परंपरेत वेद न मानणारा तो नास्तिक असा अर्थ रुळला. त्यामुळे मीमांसा आणि सांख्य या दर्शनांचे लोक, म्हणजे मीमांसक आणि सांख्य, जगाचा कर्ता ईश्वर मानत नसूनही तिथे आस्तिकांतच मोजले गेले.) मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की व्याकरणकारानं तिघांना एकाच मापानं मोजलं. नास्तिकाची मती रिकामी आहे असं तो म्हणत नाही. तेव्हा ‘तुझंही एक मतच’ असं बाबा म्हणाले तर ते खुशाल मान्य करा. त्यात तुमचं काहीच कमी होत नाही.

पण तुम्ही म्हणाल, माझं मतच नाही, मी फक्त मानत नाही. इथे थोडं थांबू या. ‘देव आहे असं मला वाटत नाही’ आणि ‘देव नाही असं मला वाटतं’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिलं वाक्य फक्त माझ्याबद्दल सांगतं: मला अजून पटलेलं नाही. दुसरं वाक्य जगाबद्दल सांगतं. अडचण अशी की बोली मराठीत आपण पहिलं वाक्य सर्रास दुसऱ्याच्या अर्थानं वापरतो. ‘तो येईल असं मला वाटत नाही’ असं म्हटलं की ऐकणारा सरळ समजतो, येणार नाही असं हिला वाटतंय, आणि त्याची वाट न पाहता दार लावून घेतो. म्हणून तुम्ही मनात पहिलं वाक्य धरून बोलता आणि बाबांना दुसरं ऐकू येतं. यात त्यांची काही लबाडी नाही, आपली भाषाच तशी वळते.

हा फरक जुन्या लोकांनी फार बारकाईनं पाहिला होता. सांख्यसूत्रांत एक छोटंसं सूत्र आहे, ‘ईश्वरासिद्धेः’: ईश्वर सिद्ध होत नसल्यामुळे. त्यावर सोळाव्या शतकातल्या विज्ञानभिक्षू या भाष्यकाराची टिप्पणी अशी, की ईश्वर नाही असंच म्हणायचं असतं तर सूत्रकारानं ‘ईश्वराभावात्’ म्हटलं असतं. तो ‘असिद्ध’ म्हणतोय, ‘अभाव’ म्हणत नाही. तुमचा नि बाबांचा अख्खा वाद या एका शब्दाच्या फरकावर उभा आहे.

आता तुमचंच बोलणं तपासू या. ‘मी काहीच मानत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. पण त्या दिवशी बाबांना तुम्ही काय म्हणालात? जग आपोआप चालतं. मेल्यावर काही उरत नाही. आणि ज्याला हे कळत नाही तो स्वतःला फसवतोय. ही तीन मतं आहेत, तीनही जगाबद्दलची, आणि तुम्ही ती ठामपणे मांडलीत. त्यातली पहिली दोन मलाही बरीचशी पटतात. पण पटतात म्हणजे ती मी मानते, आणि मानते म्हणजे मला कुणी कारण विचारलं तर द्यायला हवं. तिसरं मत तर बाबांच्या मनाच्या आत काय चाललंय याबद्दलचं आहे. त्यासाठी तुमच्याकडे कुठलाच पुरावा नव्हता.

म्हणजे सिद्ध कुणी करायचं, या प्रश्नाचं माझं उत्तर असं: जो ज्या वाक्यामागे उभा राहतो, त्यानं त्या वाक्याची कारणं द्यावीत. हा भार आस्तिक किंवा नास्तिक अशा जातीला चिकटलेला नसतो, तो वाक्याला चिकटलेला असतो. ‘मला पटलेलं नाही’ एवढंच म्हणालात, तर ‘मला दिलेली कारणं अशी अशी अपुरी वाटली’ इतकं सांगितलं की तुमचं काम झालं. ‘देव नाही’ म्हणालात, तर त्याहून जास्त द्यावं लागेल. आणि ‘देव आहे’ म्हणणाऱ्या बाबांवर तर ते आहेच; तुम्ही ‘नाही’ सिद्ध करू शकला नाहीत म्हणून ‘आहे’ सिद्ध होत नाही. बाबांचं जे निम्मं चुकतं ते इथे.

‘दावा करणाऱ्यानं सिद्ध करावं’ हे तत्त्व फार जुनं आहे. रोमन कायद्यात ते स्पष्ट होतं: सिद्ध करण्याचा भार जो म्हणतो त्याच्यावर, जो नाकारतो त्याच्यावर नाही. पण न्यायालयाला हे तत्त्व का लागतं? तिथे ठरलेल्या दिवशी निकाल द्यावाच लागतो. पुरावा अर्धवट असला तरी न्यायाधीशाला ‘बघू पुढे कधीतरी’ म्हणता येत नाही. म्हणून शंका उरली तर फायदा कुणाला, हे आधीच ठरवून ठेवतात. शिवाय आरोपी सुटला की त्यानं ते केलंच नाही असं सिद्ध होत नाही, एवढंच होतं की आरोप शाबित झाला नाही. तुमच्या घरात ना न्यायाधीश आहे, ना निकालाची तारीख. तिथे ‘भार तुमच्यावर’ असं म्हणून तुम्ही खरं तर चर्चा सुरू व्हायच्या आधीच संपवता.

वादाचे तीन प्रकार न्यायसूत्रांत, म्हणजे न्याय या जुन्या तर्कप्रधान दर्शनाच्या मूळ ग्रंथात, सांगितले आहेत. खरं काय ते शोधायला दोघं बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. आणि स्वतःची कुठलीच बाजू न मांडता फक्त समोरच्याची पाडत राहणं, ती वितंडा. आज वितंडवाद ही शिवी झाली आहे, पण मुळात ती एक नेमकी व्याख्या आहे. ‘मी काहीच म्हणत नाही, तुम्ही सिद्ध करा’ ही भूमिका तर्कानं चूक नाही. पण ती रोज, घरातल्याच माणसाशी घेतली की समोरच्याला वाटतं, आपल्याला सतत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलंय. बाबा ‘तुझीही श्रद्धाच’ म्हणतात, त्यात मला हे गाऱ्हाणं ऐकू येतं: तूही कधीतरी त्या पिंजऱ्यात ये.

यावर आपल्या बाजूचे बरेच जण म्हणतात, ‘नसणं कधी सिद्ध करता येत नाही, म्हणून आमच्याकडे पुरावा मागूच नका.’ हे बाबांपुढे चुकूनही बोलू नका. गणिताचा शिक्षक तुम्हाला दोन मिनिटांत गप्प करेल. सर्वांत मोठी मूळसंख्या नसते, हे सिद्ध झालेलं आहे. ज्याचा वर्ग दोन येतो असा अपूर्णांक नसतो, हेही. दोन्ही ‘नसण्या’च्या सिद्धता, आणि बाबांनी त्या वर्षानुवर्षं फळ्यावर मांडल्या असतील.

गणिताबाहेर काय, हा प्रश्न उरतो. तिथे मला मीमांसकांची मांडणी सगळ्यांत कामाची वाटते. रिकाम्या जमिनीकडे बघून आपण म्हणतो, ‘इथे घडा नाही.’ हे ज्ञान आलं कुठून? घड्याचं नसणं तर डोळ्यांना दिसत नाही, दिसते ती जमीन. कुमारिल भट्टाच्या परंपरेनं यासाठी अनुपलब्धी नावाचं वेगळं प्रमाण मानलं: न आढळणं हाही ज्ञानाचा एक मार्ग. पण त्याला अट आहे. ती वस्तू तिथे असती तर आढळलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे ठीक हवेत, मध्ये आडोसा नको. खोलीत डोकावून ‘इथे हत्ती नाही’ असं मी लगेच सांगेन. ‘इथे सुई नाही’ असं सांगायला मला जमिनीवर गुडघे टेकून, कोपरान् कोपरा चाचपून बघावं लागेल. आणि ‘इथे न दिसणारं, न लागणारं, कशालाही न अडणारं काही नाही’ असं मला बघून सांगताच येणार नाही.

आता ही अट देवाला लावून बघा. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराला न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वर सिद्ध करायचा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला, तेव्हा त्यांच्यापुढे हाच आक्षेप होता: दिसत नाही म्हणून नाही. त्यांचं उत्तर असं, की जे दिसण्याजोगं असतं त्याच्या न दिसण्यावरून नसणं ठरतं. ईश्वर दिसण्याजोगा नाहीच, मग न दिसण्यावरून काय ठरणार? मग सशाचं शिंगही न दिसणारं म्हणून मानायचं का, असा प्रतिप्रश्न येतो. त्यावर त्यांचं म्हणणं, शिंग म्हटलं की ते दिसण्याजोगंच. आपण नाकारतो ते तसलं शिंग.

सशाच्या शिंगाचा हाच डाव पुढे १९५२ साली ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी चहाच्या किटलीवर खेळला. पृथ्वी आणि मंगळ यांच्या दरम्यान एक चिनीमातीची किटली सूर्याभोवती फिरतेय, दुर्बिणीतूनही दिसणार नाही इतकी लहान. कुणी ती खोडून काढू शकत नाही म्हणून ती मानायची का? नाही मानायची. ‘तू खोडून दाखव’ हे मानण्याचं कारण होऊ शकत नाही, हे त्यांनी पक्कं दाखवून दिलं. पण किटली तेवढंच दाखवते. किटली तिथे नाही असं आपल्याला ठामपणे वाटतं, कारण किटल्या कोण बनवतं आणि अवकाशात वस्तू कशा पोचतात हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे तिथेही ‘नाही’मागे कारणं आहेत. देवाबाबत अशी कारणं आहेत की नाहीत, हे किटली सांगत नाही; ते वेगळं बसून बोलावं लागतं. मी एकदा एका जवळच्या मैत्रिणीला किटली ऐकवली होती. ती निरुत्तर झाली, आणि त्यानंतर वर्षभर माझ्याशी या विषयावर एक शब्द बोलली नाही. तिचं नेमकं म्हणणं काय होतं, ते मला त्या वर्षात कळायला हवं होतं.

‘नाही’ मेहनतीनं कसं मिळवतात याचं मला सगळ्यांत आवडणारं उदाहरण आकाशातलंच आहे. युरेनस ठरलेल्या कक्षेत नीट चालत नव्हता. उर्बें ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञानं हिशेब मांडला, की पलीकडे एक न दिसलेला ग्रह असणार, अमुक ठिकाणी. २३ सप्टेंबर १८४६च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गॅले यांनी तिकडे दुर्बीण लावली, आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही थोडी गडबड दिसली. १८५९मध्ये त्याच माणसानं त्याच रीतीनं सांगितलं, की बुधाच्या आत सूर्याजवळ आणखी काही असणार. त्या ग्रहाला नावही मिळालं, व्हल्कन. काहींनी तो दिसल्याचं जाहीर केलं. खग्रास ग्रहणाच्या मोजक्या मिनिटांत, सूर्य झाकलेला असताना, लोक दशकानुदशकं तो शोधत राहिले. नीट, पुन्हा पुन्हा, कुणालाच तो सापडला नाही. शेवटी १९१५मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्वसिद्धांतातून बुधाची ती उरलेली गडबड, शतकाला सुमारे ४३ विकला, आपोआप निघाली. विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. तेवढ्यासाठी मानलेल्या ग्रहाची आता गरजच उरली नाही.

व्हल्कन नाही, हे आज आपण ठामपणे म्हणतो. आकाशाचा इंच न् इंच चाळून ते ठरलेलं नाही. तो असता तर दिसायला हवा होता अशा जागी नीट बघितलं आणि दिसला नाही. आणि ज्या कोड्यासाठी तो मानला होता ते त्याच्याशिवाय सुटलं. दोन्ही मिळून ‘नाही’ला वजन आलं. आणि ज्या बुद्धीनं हा चुकीचा ग्रह मानला तिनंच आधी खरा ग्रह दिला होता, हेही ध्यानात असू द्या. मानणारा माणूस मूर्ख असतो असं यातून निघत नाही.

म्हणून देवाबद्दल बोलताना पहिला प्रश्न असायला हवा, ‘कुठला देव?’ प्रार्थना केली की आजार बरे करणारा देव असेल, तर तो असल्यानं जगात फरक दिसायला हवा. तिथे अनुपलब्धीची अट लागू पडते, तिथे मी ‘नाही’ म्हणते आणि त्याची कारणंही देते. जगात एवढं निष्कारण दुःख आहे, म्हणून सर्वशक्तिमान आणि सर्वदयाळू असा देव नसावा, हा युक्तिवादही ‘नाही’च्या बाजूचा भरीव पुरावा आहे, त्यावर आस्तिकांनी दिलेली उत्तरंही तितकीच गंभीर आहेत. पण जग मुळातून नियमानं चालतं त्या नियमालाच कुणी देव म्हणत असेल, तर मी काय नाकारणार? नावाबद्दल कुरकुर करेन, एवढंच. आणि कुणी म्हणालं, की मला एकटं वाटत नाही त्या जाणिवेला मी देव म्हणतो, तर तिथे पुरावा मागणंच अप्रस्तुत. तुमचं पत्र इतकं मोठं आहे, पण बाबा देव म्हणतात म्हणजे नेमकं काय म्हणतात, हे त्यात कुठेही आलेलं नाही. तुम्हाला माहीत आहे का?

काही जण सुचवतात, मग स्वतःला अज्ञेयवादी म्हणून टाका, कटकट मिटेल. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी १८६९मध्ये ‘ॲग्नॉस्टिक’ हा जो शब्द घडवला त्याचं हे मराठी रूप. जे दाखवून देता येत नाही ते ठाऊक असल्याचा आव आणू नये, हा त्यांचा आग्रह. शब्द चांगला आहे, पण तो ठाऊक असण्याबद्दल बोलतो, वाटण्याबद्दल नाही. ‘मला ठाऊक नाही, पण नसावा असं वाटतं’ असं म्हणणारी माणसं भरपूर आहेत. मी त्यांतलीच. वाद टाळायला म्हणून हे लेबल लावू नका. तुमचं खरंच तसं असेल तर जरूर लावा.

स्वतःसाठी एक कसोटी घ्या: काय घडलं तर माझं मत बदलेल? कागदावर उत्तर लिहून बघा. काहीतरी लिहिता आलं, तर तुमचं ‘नाही’ हे मत आहे, बाबा काहीही म्हणोत. ‘काहीही घडलं तरी बदलणार नाही’ असंच उत्तर येत राहिलं, तर मात्र त्यांचं म्हणणं तिथे लागू पडतं, आणि ते ऐकायला हवं.

मी भार कुठे काटेकोरपणे मागते, तेही सांगते, कारण या सदराला अशी पत्रं वेगवेगळ्या घरांतून येतात. कुणाच्या श्रद्धेपायी दुसऱ्याचे उपचार थांबत असतील, मुलीचं शिक्षण किंवा लग्न अडत असेल, कुणाचे पैसे जात असतील, तर तिथे ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून सोडू नका. दुसऱ्याच्या आयुष्यात हात घालणाऱ्यानं पुरावा द्यायचा, आणि तो त्या दुसऱ्यालाही पटेल असा. हाच नियम उलट बाजूलाही. बाबांनी शांत बसून प्रार्थना करू नये असं तुम्ही म्हणणार असाल, तर त्यांच्या प्रार्थनेनं कुणाचं काय बिघडतं हे तुम्ही सिद्ध करायचं. तुमच्या पत्रावरून तरी त्या घरात कुणी कुणावर काही लादत नाहीये.

आता त्या चार दिवसांबद्दल. ‘मेल्यावर काही उरत नाही’ हे वाक्य तुम्ही अशा माणसाला ऐकवलंत, ज्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. तुमच्या दृष्टीनं ते वादातलं एक विधान होतं. त्यांनी ते त्यांच्या बायकोबद्दल ऐकलं. ती तुमचीही आई होती, आणि ते वाक्य बोलताना तुमच्याही आत काहीतरी हललं असणार. पत्रात तुम्ही त्याबद्दल अक्षरही लिहिलेलं नाही. मत बदलू नका, पण त्या वाक्याबद्दल बाबांची माफी मागा. ‘बाबा, मला अजूनही तसंच वाटतं, पण ते मी तुम्हाला मारायला वापरलं. आणि तुम्ही स्वतःला फसवताय असं म्हणायचा मला काही अधिकार नव्हता.’ इतकंच बोला, आणि त्याला मुद्दा जोडू नका.

ते कधीतरी म्हणतील, ‘मान ना, मानायला काय जातं?’ तेव्हा चिडू नका. मानणं ठरवून जमत नाही; समोर पाऊस पडत असताना तो पडत नाहीये असं मला मानता येत नाही, तसंच हे. त्यांना तसं साधेपणानं सांगा: ‘तुमच्यासाठी मानायचं ठरवलं तरी ते खोटं असेल, आणि खोटं तुम्हालाही चालणार नाही.’ आयुष्यभर मुलांना उत्तराआधी रीत दाखवायला लावणाऱ्या माणसाला हे समजेल.

मुलीला काय सांगायचं? खरं आणि थोडकं. माझे शब्द साधारण असे असतील: ‘देव आहे असं आजोबांना वाटतं. मला नसावा असं वाटतं. मी नाही-देव अशी कुठली गोष्ट मानत नाही, पण देव नसावा हे माझं मत आहे. ते चुकूही शकतं. माझी कारणं मी तुला सांगेन, आजोबांची त्यांना विचार. तुला आत्ताच ठरवायची घाई नाही.’ ‘आजोबांना वाटतं’ आणि ‘मला वाटतं’ हे दोन्ही एकाच स्वरात म्हणा. मुलांना शब्दांआधी स्वर कळतो. ती पुढे विचारेल, ‘मग आजी कुठे आहे?’ तिथे तुम्हाला खरोखर जे वाटतं तेच सांगा, हलक्या हातानं. आजोबांचं उत्तर वेगळं असेल हेही सांगा. मग आजीची एखादी गोष्ट सांगा, कारण बहुतेक वेळा त्या प्रश्नात मुलाला तीच हवी असते.

बाबांशी पुन्हा बोलायला बसाल तेव्हा ‘सिद्ध करा’ हे दोन शब्द दोघांनीही महिनाभर बाजूला ठेवायचे, असं ठरवून घ्या. त्याऐवजी त्यांच्याच विषयातली एक गोष्ट विचारा. दोनचं वर्गमूळ अपूर्णांकात मांडता येत नाही, हे मुलांना शिकवताना तुम्ही सुरुवात कुठून करायचात? ते सांगतील, ‘समजा, येतं’ इथून. समोरचं म्हणणं खरं धरून, त्याचं बोट धरून, ते कुठवर नेतं ते बघायचं. मग एका संध्याकाळी तुम्ही ‘समजा, देव आहे’ इथून सुरू करा आणि बाबांना ‘समजा, नाही’ इथून करू द्या. आणि त्याच्याही आधी, आहे म्हणजे नेमकं काय आहे, ते त्यांना त्यांच्या शब्दांत मांडायला सांगा. गणिताचे शिक्षक आहेत, व्याख्या दिल्याशिवाय पुढे जाणार नाहीत. ती काय निघते, ते मला जरूर कळवा.